गुरुवारच्या घरची नवमी

मिरजेला बंगळूरच्या गाडीत बसलो तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं, आणि बंगळूरला उतरल्यावर आधी न्हावी शोधावा लागला, इतकी ती गाडी हळू होती. मीटर गेज. लोंढ्याच्या पुढं एक म्हातारी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन रुळाच्या कडेनं चालली होती. तिनं आम्हाला मागं टाकलं आणि जाता जाता वळून बघितलं, पुढं कुणाला काही निरोप द्यायचाय का म्हणून. ही म्हातारी मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आलोय आणि आता ती मला खरंच आठवते. माझं असंच होतं. कुठलीही गोष्ट तीनदा सांगून झाली की माझ्यापुरती ती घडलेली असते. या गुणावर मी आयुष्यभर लग्नाच्या पंगती हसवल्या. एकदाच त्यानं असा दगा दिला की अजून कारल्याची भाजी पानात आली तर मान वर होत नाही. ती हकिगत तिखटमीठ न लावता सांगायचा विचार आहे. मधे हात सुटला तर सांभाळून घ्या.

सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष मी सांगलीला काकांकडं राहून काढलं होतं. काकांची बदली झाली आणि माझं छप्पर गेलं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, माझ्या पाठीवर चार भावंडं. खोली भाड्यानं घेऊन शिकायचं म्हणजे बाकीच्या चौघांनी उपाशी बसायचं. मी शिक्षण सोडून तालुक्याच्या कचेरीत चिकटावं असं जवळजवळ ठरलं होतं, एवढ्यात वडिलांच्या मावसभावाच्या साडूंचं कार्ड आलं. बंगळूरच्या एका कॉलेजात गरीब मुलांना फी माफ आहे, राहायला आमचं घर आहेच, निःशंक पाठवून द्या. वडिलांनी ते कार्ड देवापुढं ठेवलं. मी सांगलीच्या कॉलेजातून दाखला काढला. आईनं एक ट्रंक, एक वळकटी आणि हत्तीला महिनाभर पुरतील इतके दशम्या-लाडू बांधून दिले. ते मी बेळगावपर्यंत संपवले.

साडूंच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई कानडीत पाच मिनिटं बोलल्या. त्यातलं मला 'शिमोगा' एवढंच कळलं, पण तेवढं पुरे होतं. साडूंचीही बदली झाली होती.

परत जायचं तर भाडं नाही, आणि घरी जाऊन वडिलांना सांगायचं तोंडही नाही. शेवटी चामराजपेठेतल्या एका मठाच्या मागच्या खोल्यांत सोय लागली. राहणं फुकट, बदल्यात पहाटे अंगण झाडायचं. अंगण इतकं मोठं की या टोकाला झाडून होईपर्यंत त्या टोकाला पुन्हा पानं पडलेली असत. राहिला प्रश्न जेवणाचा. मठातल्या मुलांनी मला रीत सांगितली: वार लावायचे. सात दिवसांची सात घरं, ज्या दिवशी जे घर तिथं दोन्ही वेळ जेवायचं. आपल्याकडं ही रीत होतीच. तिकडं तिला वारान्न म्हणत.

त्या भागात आपल्यासारखी मराठी बोलणारी जुनी घरं पुष्कळ. शहाजीराजांच्या वेळी आलेली, तेव्हापासून तिथंच. त्यांची मराठी ऐकून पहिले आठ दिवस मला हसू आवरायचं नाही. 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब, 'सरी, ये' म्हणजे बरं, ये, 'हौदा?' म्हणजे हो का, असं कानडी मधेमधे पेरलेलं. मी मिरजेच्या मित्रांना पत्रांतून त्याच्या नकला लिहून पाठवायचो. ज्यांच्या घरी जेवायचो त्यांच्याच नकला. पण हा अपराध पुढच्या मानानं लहान आहे.

सहा वार लागले. गुरुवार रिकामा राहिला. लोकांना मी सांगायचो की दत्ताचा उपास आहे. तीन गुरुवार असा दत्तभक्त झालो. चौथ्या गुरुवारी पायऱ्या उतरताना मला दोन दोन जिने दिसायला लागले, तेव्हा कुणीतरी शिवाजीनगरातलं एक घर सांगितलं. नवऱ्याचं बाजारात वह्या-दौतींचं दुकान, मूलबाळ नाही, बाई मनानं मोठी. चामराजपेठेहून शिवाजीनगर म्हणजे तासाभराची चाल. गेलो.

बाईंची उंची चार फूट असेल, पण उंबऱ्यात उभ्या राहिल्या की दार भरून जायचं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाल्या, "नको रे अप्पा. सोमवारचा एक आहे, शनिवारचा एक आहे. तिसरा कुठं घालू? हे काय अन्नछत्र आहे?"

"फक्त गुरुवार," मी म्हणालो.

"दुसरीकडं बघ की. तुझ्या आईनं तरी कसं सोडलं इतक्या लांब, काही सोय नसताना?"

"आई नाही," मी म्हणालो.

हे मी ठरवून बोललो नाही. आतून सांबाराच्या फोडणीचा वास येत होता आणि दार लोटलं जाणार असं दिसत होतं. तोंडातून गेलं. पण गेलेलं परत घेतलं नाही, ही खरी गोष्ट.

अक्कांचा हात दारावरून खाली आला. "हौदा? कधी?"

"आठ वर्षं झाली. कृष्णेला पूर आला होता." आता गाडी उताराला लागली होती आणि माझ्या गाडीला ब्रेक कधी नव्हताच. "पाणी गोठ्यात शिरलं. आई गाय सोडायला गेली. गाय पोहत वर आली. आई नाही आली."

अक्का खाली बसल्या, उंबऱ्यातच. तिथूनच म्हणाल्या, "गाय कसली होती?"

"तांबडी. कपाळावर चांदणी."

ती चांदणी मला अजून टोचते. नुसत्या तांबड्या गायीवर भागलं असतं.

गुरुवार लागला. बाकीच्या घरी मी पाहुणा होतो, उपकारातला. गुरुवारी मात्र माझं पान अण्णांच्या, म्हणजे अक्कांच्या यजमानांच्या, शेजारी मांडलेलं असायचं. अण्णा फार बोलत नसत. जेवताना एकदाच म्हणायचे, "त्याला तूप." आणि अक्का तूप ओतायच्या. ओतायच्या म्हणजे भातात विहीर करून ती काठोकाठ भरायच्या, मला पोहत पलीकडं जावं लागे. जेवणं झाली की एक घास बाजूला काढून दारातल्या गायीला घालायच्या आणि मला सांगायच्या, "हा तुझ्या त्या तांबडीच्या नावानं." दर गुरुवारी. मी मान हलवायचो.

मठात परत आलो की मी आईला पत्र लिहायचो. तीर्थरूप सौभाग्यवती आईस साष्टांग नमस्कार. बोटांना तुपाचा वास असायचा. त्या पत्रांतही मी मागं राहत नसे. इथं मला सात घरी सात पक्वान्नं मिळतात, परवा वजन करायला गेलो तर काटा मोडला, असं काहीबाही. वडील ती पत्रं शेजाऱ्यांना वाचून दाखवत. आईला मात्र माझी पारख होती. पोरगं इतकं तूप लिहितंय म्हणजे उपाशी असणार, असा तिनं अर्थ काढला.

पितृपक्ष तोंडावर आला आणि एका गुरुवारी ताक वाढता वाढता अक्कांनी विचारलं, "आईची तिथी कुठली रे?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

"असू दे. सवाष्ण गेली ना? मग नवमी." नवरा मागं असताना जी बाई जाते तिची अविधवा नवमी. त्या दिवशी तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची, लुगडं-चोळी द्यायची. हे मला माहीत होतं. आमच्या घरी आजीची नवमी आईच करायची. अक्का म्हणाल्या, "तिकडं तुझे वडील करतात की नाही, देवाला ठाऊक. पुरुषांच्या लक्षात कुठं राहतंय. पिंडाचं त्यांचं ते बघतील, सवाष्ण मी जेवू घालते. ज्या पोराला जेवायला घालते त्याच्या आईला एक दिवस घालायला नको? काय आवडायचं तिला?"

मी विचारसुद्धा केला नाही. "श्रीखंड," मी म्हणालो. "आणि बटाट्याची भाजी."

ते दोन्ही मलाच आवडायचं. आईला काय आवडतं हे मला माहीत नव्हतं. तिला काही आवडत असेल हेच कधी डोक्यात आलं नव्हतं. ती सगळ्यांत शेवटी बसायची आणि जे उरेल ते खायची.

पुढच्या बुधवारी सकाळी मी मठाचं अंगण झाडत होतो. झाडून मान वर केली तर फाटकात आई. हातात पिशवी, कपाळावर गाडीची काजळी. गावचे शेजारी रामेश्वरला निघाले होते, त्यांच्या सोबतीनं ती बंगळूरपर्यंत आली होती. परतताना ते तिला घेऊन जाणार होते. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी खरोखर चांगला टुणटुणीत दिसत होतो. ती म्हणाली, "मग पत्रात लिहिलेलं खरं होतं की काय? अरे, खोटं असेल म्हणून आले मी."

लोक म्हणतात खोटं बोलणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. माझ्या आईनं त्यापायी दोन दिवसांचा प्रवास केला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आईला मठाच्या धर्मशाळेत ठेवून मी एकटाच जेवायला गेलो. वाटेत दहा बेत केले. पण माझ्याआधी बातमी पोचली होती. मठात पूजेला जाणाऱ्या कुणा बाईनं सांगितलं होतं.

"तुझ्याकडं कोण बाई आली म्हणे?" अक्का म्हणाल्या.

"मावशी," मी म्हणालो.

"सख्खी?"

"सख्खी."

अक्कांचं तोंड असं उजळलं की मी खाली बघितलं. "देवानंच पाठवली. मी सवाष्ण शोधत होते. या दिवसांत सगळ्या बायका कुठं ना कुठं बोलावलेल्या. आणि सख्खी बहीण असताना दुसरी कशाला? सोमवारी घेऊन ये. सरी?"

"सरी," मी म्हणालो.

आता आईला सांगणं आलं. खरं सांगितलं असतं तर ती त्याच पावली अक्कांकडं गेली असती आणि माझा गुरुवार गेला असता. गुरुवार गेला की आठवड्यातला एक दिवस गेला एवढंच नाही. ही गोष्ट बाकीच्या सहा घरांत पसरली असती, सगळेच वार गेले असते, आणि मी दाखला परत घेऊन तालुक्याच्या कचेरीत. हा हिशेब मी केला. आईचा त्यात कुठं संबंधच नव्हता. मी तिला म्हणालो, "इकडं एक चमत्कारिक रीत आहे. मुलाची आई गावात आली की त्याचा वार बंद करतात. आता आईनंच रांधून घालावं म्हणतात. तेव्हा त्या घरी तू माझी मावशी आहेस."

 "मावशी तर मावशी," आई म्हणाली. "मला काय, जेवण झाल्याशी कारण. पण का बोलावलंय?"

"सवाष्ण म्हणून."

"मग आणखी काय पाहिजे," आई म्हणाली, आणि पिशवीतनं तिचं एकुलतं एक धुवट लुगडं काढून झटकायला लागली.

सोमवारी गेलो. अक्कांनी आईला पाटावर बसवलं, परातीत तिचे पाय घेतले आणि धुतले. आई संकोचून पाय मागं घेत होती. मिरजेपासून चालत आल्यासारखे पाय होते तिचे, भेगाळलेले. अक्कांनी ते पदरानं पुसले, हळदकुंकू लावलं, आणि पान वाढून झाल्यावर हात जोडून म्हणाल्या, "मावशी, तुमच्या बहिणीनं आज तुमच्या मुखानं जेवावं. लेकराला मागं ठेवून गेली, तिचा जीव इथंच घुटमळत असेल. पोटभर जेवा, म्हणजे तिला पोचेल."

आईचा हात भातापर्यंत गेला होता, तो थांबला. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी एकदा जंगलात वाघ बघितला असं सांगत असतो. खरं म्हणजे ते तरस होतं आणि तेही पाठमोरं. पण खरा वाघ समोरून आला असता तरी मला इतकी पळायची जागा शोधावी लागली नसती.

आईनं मान पुन्हा पानाकडं वळवली. भात कालवला आणि जेवायला लागली.

श्रीखंड होतं, पुऱ्या होत्या, बटाटा होता. पितरांचं जेवण म्हणून कारल्याची भाजीही होती, एका कडेला. सगळं पान तिनं नीट संपवलं. सवाष्णीनं पानात टाकू नये. मग तिनं मान वर करून म्हटलं, "ताई, ती कारल्याची भाजी थोडी वाढता?"

आईनं कुठल्याही पानावर काही मागून घेतलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो.

अक्कांनाही नवल वाटलं. "कारलं? हा तर म्हणाला, तिला श्रीखंड आवडायचं."

"श्रीखंड ह्याला आवडतं," आई म्हणाली. "तिला कारलं आवडायचं. घरात कुणी तोंडात धरत नाही, म्हणून श्राद्धापक्षाशिवाय करायची नाही."

"अय्यो," अक्का म्हणाल्या, "आधी कळलं असतं तर हागलकाईचं गोज्जु केलं असतं की. चिंच-गूळ घालून. आम्ही कारल्याला हागलकाई म्हणतो. आणखी कशी होती हो ती?"

आईनं भाजीचा घास घेतला. सावकाश चावला. "साधी होती," ती म्हणाली. "ह्याच्यावर फार जीव होता. हा गेला लांब शिकायला, की रोज पोस्टमनची वाट बघत बसायची." मग तिच्या लक्षात आलं की मेलेली बाई पोस्टमनची वाट बघत नाही, आणि तिनं जोडलं, "बसली असती."

ते 'असती' तिनं माझ्यासाठी जोडलं. माझं खोटं पडू नये म्हणून. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि भिंत मागं सरकेल तर बरं असं वाटत होतं.

ओटीत अक्कांनी डाळिंबी रंगाचं इरकल घातलं, घडी न मोडलेलं. त्यांच्या भावानं त्यांना भाऊबीजेला दिलेलं होतं. अण्णा दुकानातून मुद्दाम येऊन नमस्कार करून गेले.

परतीच्या वाटेवर आई पुढं आणि मी मागं.  कँटोन्मेंटची मोठी झाडं संपली, तेव्हा न वळताच म्हणाली, "किती वर्षं झाली मला जाऊन?"

"आठ."

"म्हणजे तू अकरा-बारा वर्षांचा. मग तेराव्या वर्षी तुझी मुंज झाली, तेव्हा मातृभोजनाला कोण बसलं होतं तुझ्याशेजारी?"

मी रस्त्यावरचा खडा लाथाडला.

"आणि कशानं गेले?"

"पुरात."

"कृष्णेच्या? मला पोहता येतं की. तुझ्या बापाला येत नाही. त्याला बुडवायचं होतंस."

"गाय सोडवायला गेली होतीस."

आई थांबली. आमच्याकडं गाय कधी नव्हती. एक शेळी होती, ती धाकटीच्या आजारपणात विकली. "गाय वाचली का?"

"वाचली."

"मग बरं झालं," आई म्हणाली आणि चालायला लागली.

मला वाटलं, हसली. मी दोन पावलं पुढं होऊन तिच्या तोंडाकडं बघितलं. ती हसत नव्हती. लुगड्याची घडी तिनं छातीशी धरली होती, दुसऱ्याचं मूल धरावं तशी, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

मठाच्या फाटकाशी ती म्हणाली, "येत्या गुरुवारी जाशील तेव्हा पान घेण्याआधी त्या बाईला खरं सांग. मला शब्द दे."

मी शब्द दिला. बुधवारी शेजारी रामेश्वरहून परतले आणि आई त्यांच्याबरोबर गेली. गाडी सुटताना तिनं बोट वर करून मला दाखवलं. उद्या.

गुरुवारी मी चामराजपेठेहून निघालो तेव्हा वाक्य तयार होतं. शिवाजीनगरच्या बाजारापर्यंत ते तोंडात होतं. दारात अक्का उभ्या होत्या. आतून नेहमीचा वास येत होता. "ये रे," त्या म्हणाल्या, "मावशी नीट गेल्या?"

"गेल्या," मी म्हणालो, आणि पाटावर बसलो.

त्या दिवशी पानात हागलकाईचं गोज्जु होतं. काळंभोर, चिंचगुळाचं. मी कारलं कधी खाल्लं नव्हतं. त्या दिवशी खाल्लं. पुढच्या गुरुवारीही तेच होतं, आणि त्याच्या पुढच्या. दोन वर्षांत असा एक गुरुवार गेला नाही की माझ्या पानात कारलं नव्हतं. बाजारात मिळायचं नाही त्या दिवसांत वाळवलेल्या चकत्या तळलेल्या असत. मला वाटायचं, गेलेल्या बाईच्या आवडीचं म्हणून अक्का करतात. दर घासाला मी मनात म्हणायचो, पुढच्या गुरुवारी सांगतो. परीक्षा झाली की सांगतो. दिवाळी झाली की सांगतो. आईनं पत्रात एकदाही विचारलं नाही, आणि मीही लिहिलं नाही. तिची पत्रं वडील लिहायचे, शेवटी तिच्या नावची एकच ओळ असायची: अक्कांना नमस्कार सांग.

तो मी सांगायचो. 'मावशीनं नमस्कार सांगितलाय.'

दुसऱ्या वर्षी पितृपक्ष आला. अक्का नवमीचं काढतील म्हणून मी नजर पानातच ठेवली. पण अक्का म्हणाल्या, "यंदा नवमी नको रे. कंबर धरलीय." त्याच कमरेनं त्यांनी आदल्या दिवशी अण्णांच्या आईचं श्राद्ध पंधरा पानांचं केलं होतं. मी ते बघितलं होतं, तरी सुटलो म्हणून इतका आनंद झाला की पुढचा विचारच केला नाही. इतरांच्या थापा मला सात कोसांवरून ओळखू येतात. ती आली नाही.

निकाल लागला. पास झालो, बरा वर्ग मिळाला, हुबळीच्या एका शाळेत मास्तरकीही ठरली. शेवटच्या गुरुवारी ट्रंक बांधून, गाडीचं तिकीट खिशात घालून मी अक्कांकडं गेलो. पेढे दिले, पाया पडलो आणि उठताना डोळे मिटून म्हणालो, "अक्का, माझी आई जिवंत आहे. तेव्हा आली होती ती मावशी नव्हती."

डोळे उघडले तेव्हा अक्का पेढ्यावरचा कागद सोडवत होत्या.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "नवमीच्या दुसऱ्या दिवशी आली होती ती. तू कॉलेजात होतास. कानडीचा एक शब्द येत नाही, वाट विचारत विचारत आली. लुगडं परत द्यायला. इथं या पायरीवर बसून रडली, म्हणाली, जिवंतपणी माझ्याच नवमीला माझे पाय तुम्ही धुतले, मला पाप लागलं. मी म्हटलं, उठा, असं खोटं मरण आलं की आयुष्य वाढतं म्हणतात. ते लुगडं तिला इथंच नेसवलं आणि मग सोडली."

मला बसावंसं वाटत होतं पण कुणी बस म्हटलं नव्हतं.

"मी तर तुझा गुरुवार बंदच करणार होते," अक्का म्हणाल्या. "राग आला होता, खोटं कशाला बोलू. तुझी आई म्हणाली, ताई, उपाशी पोर खरं बोलत नाही. आधी पोट भरू दे त्याचं, मग आपण होऊन सांगेल. तोवर तुम्ही काही दाखवू नका. मी सरी म्हटलं." त्यांनी पेढा अर्धा मोडला, अर्धा अण्णांसाठी झाकून ठेवला. "दोन वर्षं वाट बघितली रे. दर गुरुवारी कारलं वाढायचे, म्हटलं आज बोलेल. पोट भरायला इतका वेळ लागला?"

"भीती वाटत होती," मी म्हणालो.

"हो की. आणि आज वाटली नाही, कारण आज गुरुवार नकोय तुला."

  शेकडो गोष्टी मी तेव्हापासून रचल्या, त्या वाक्याला पुरेल अशी एक रचता आली नाही.

अक्का आत गेल्या आणि पान मांडायला लागल्या. माझंही मांडलं, अण्णांच्या शेजारी, नेहमीसारखं. वाढता वाढता मागं न बघता त्यांनी विचारलं, "गाय तरी खरी होती की नाही?"

ही एक गोष्ट आईनं त्यांना सांगितली नव्हती. बहुधा तेवढी माझ्यासाठी ठेवली होती.

"नव्हती," मी म्हणालो.

अक्कांचा डाव भातावर थांबला. "बघ," त्या म्हणाल्या, "त्या तांबडीला मी अजून घास काढत होते." मग त्यांनी भातात विहीर केली आणि तूप घातलं. काठोकाठ नाही. जेवणाऱ्याला पुरेल एवढं.

वडील आईच्या कितीतरी आधी गेले, त्यामुळं मी जी नवमी तिला फुकट देऊन टाकली होती ती तिच्या वाट्याला कधी आलीच नाही. ती पुष्कळ जगली. अक्का म्हणाल्या तसं असेल. आम्ही त्या सोमवारबद्दल पुन्हा एकदाच बोललो. मी हुबळीहून पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा ती ते डाळिंबी इरकल नेसून दारात उभी होती. मी म्हणालो, "सांगितलं अक्कांना."

"कधी?" ती म्हणाली.

मी दिवस सांगितला. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, मग मोजायचं सोडून दिलं, आणि मला विचारलं, "जेवणार ना? आज कारलं केलंय."